लोथारच्या क्रुसाचा एक हात : कोल्हापुरातल्या कार्यशाळेतील नोंदी

१३ मे २०२४

अक्षय्य तृतीयेची गडबड संपून गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ पेठेत, पुन्हा शांतता आली आहे, आणि गेल्या दिवाळीपासून डोक्यात घोळणारे काम आजपासून हाती घेत आहे. जर्मनीतील आखेन येथील कॅथेड्रलच्या खजिन्यात इ. स. १००० च्या सुमाराचा एक रत्नजडित क्रूस आहे, जो लोथारचा क्रूस या नावाने ओळखला जातो. काठीवर उभा करून मिरवणुकीच्या अग्रभागी न्यायचा हा क्रूस ५० सेंमी उंच, ३८.५ सेंमी रुंद आणि २.३ सेंमी जाड आहे. आत ओकचे लाकूड, त्यावर सोन्याचा आणि मुलामा दिलेल्या चांदीचा पत्रा, आणि दर्शनी बाजूला १०२ रत्ने व ३५ मोती असा त्याचा ऐवज आहे. तो बहुधा कोलोनच्या कारागिरांनी घडवला आणि सम्राट तिसरा ऑटो याने आखेनच्या चर्चला अर्पण केला, असे मानले जाते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बहिणीकडे गेलो असताना कोलोनहून रेल्वेने आखेन गाठले आणि त्या काचेच्या पेटीसमोर जवळजवळ दोन तास उभा राहिलो. खजिन्यात युरोपचा मध्ययुगीन सम्राट शार्लमेन याला जिच्यात पुरले असे मानतात ती दगडी शवपेटी आहे, त्याचा चांदीचा अर्धपुतळाही आहे. पण मी तिथून हललो नाही. इतर प्रेक्षक रत्नांचे रंग पाहून पुढे जात होते. मला मात्र एकच गोष्ट सुचत होती, ती म्हणजे या माणसाने आधी काय केले असेल आणि मग काय. दागिना पूर्ण झाला की कामाचा क्रम दिसेनासा होतो, आणि सोनाराचे निम्मे कसब त्या क्रमातच असते.

तो क्रम हाताने शोधावा म्हणून मध्यभाग आणि त्याखालचा हात एवढाच नमुना मी करणार आहे. लांबी २६ सेंमी ठेवली आहे. सोन्याऐवजी हुपरीहून आणलेली शुद्ध चांदी, ओकऐवजी सागवान, आणि खडे जे घरात आहेत ते. नमुन्यात खड्यांच्या एकंदर २३ बैठका बसवायच्या आहेत. विक्रीसाठी हे काम नाही, त्यामुळे घडणावळीचा प्रश्न नाही. काकांनी मात्र तो पहिल्याच दिवशी विचारला.

१९ मे

लाकडाचा गाभा तासून झाला. सोन्याच्या क्रुसाच्या पोटात लाकूड असते हे ऐकून दुकानात काम शिकायला आलेला नवा मुलगा थोडा हिरमुसला. त्याला कोल्हापुरी साजातले एक पान उलटे करून दाखवले. पातळ पत्र्याच्या पोटात लाख भरलेली असते, म्हणूनच पान भरीव दिसते, दाबले तरी चेपत नाही आणि गिऱ्हाइकाला परवडते. आखेनच्या कारागिराचा हिशेब याहून वेगळा नव्हता. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड असते. हा क्रूस भरीव सोन्याचा असता तर उंच काठीच्या टोकावर तो तोलून चालणे माणसाला फार जड गेले असते, आणि नुसत्या पातळ पत्र्याचा असता तर सोने मऊ असल्याने तो वाकला असता. लाकूड ताठपणा देते, पत्रा तेज देतो.

क्रुसाच्या चारही हातांची टोके शेवटी पायरी-पायरीने रुंदावत जातात. लहान गोष्ट वाटते, पण डोळा हाताच्या टोकाला पोचला की त्याला तिथे थांबायला जागा मिळते. या पायऱ्या तासताना पटाशी दोनदा रेषेच्या पलीकडे गेली, तेव्हा दुसरा तुकडा घेतला.

२८ मे

आज हातात हत्यार घेतले नाही. मध्यभागी काय बसवायचे याचाच विचार केला, कारण मूळ क्रुसात सगळी मांडणी मधल्या रत्नापासून सुरू होते.

त्या जागी रोमन सम्राट ऑगस्टस बसला आहे. तीन थरांच्या सार्डोनिक्समध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला सुलेमानी म्हणतात त्या जातीच्या दगडात, त्याची एका बाजूने दिसणारी प्रतिमा कोरली आहे. डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट, हातात गरुडाचे चिन्ह असलेला राजदंड. हे कोरीवकाम इसवी सनाच्या पहिल्या शतकातले आहे, म्हणजे क्रूस घडवला गेला तेव्हाच ते सुमारे हजार वर्षांचे जुने होते. ख्रिस्ती मिरवणुकीच्या क्रुसाच्या हृदयस्थानी ख्रिस्तपूर्व देवदेवता मानणारा सम्राट कसा, असे आज आपल्याला वाटते. तिसऱ्या ऑटोच्या दरबाराला तसे वाटत नव्हते. तो स्वतःला रोमन सम्राटांचा वारस समजत होता, त्याची आई थिओफानू बायझंटाइन राजघराण्यातून आलेली होती, आणि इ. स. १००० मध्ये त्याने आखेन येथे शार्लमेनची कबर उघडवली होती. जुन्या सत्तेला स्पर्श करून नव्या सत्तेला आधार द्यायचा, ही त्या घराण्याची रीतच होती. ऑगस्टसच्या काळातच ख्रिस्ताचा जन्म झाला, ही गोष्टही त्या लोकांच्या मनात होती.

या दगडाने मला मराठवाड्यात नेले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणहून सुलेमानी जातीचे दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेले जात, आणि तेरहून कापड जाई, असे स्पष्ट सांगितले आहे. तो सातवाहनांचा काळ होता. रोममध्ये थरांच्या दगडांवर प्रतिमा कोरण्याची कला भरात होती, आणि भारतातील असे दगड तिथे नावाजलेले होते. तेवढ्यावरून आखेनच्या दगडावर पैठणचा शिक्का मारण्याचा मोह मी आवरतो. तरीही दख्खनच्या खडकातून निघालेला माल, सिंधुसागराचा प्रवास आणि रोमचे कोरणारे हात यांची साखळी खरी होती, हे गोदावरीकाठच्या माणसाला माहीत असावे एवढे मात्र वाटते.

माझ्या नमुन्यासाठी वडिलांच्या डबीतला एक दगड निवडला आहे. तपकिरी, मध्ये पांढरी रेघ, खाली पुन्हा काळसर. त्यांनी तो कुठून आणला हे त्यांनी कधी सांगितले नाही. त्यावर काही कोरलेले नाही आणि मी कोरणारही नाही.

९ जून

तार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त तार.

क्रुसाच्या दर्शनी पत्र्यावर खड्यांच्या मधल्या जागेत बारीक तारकाम आहे. वेलीच्या कोवळ्या टोकासारखी तार वळत जाते, स्वतःभोवती गुंडाळते आणि पुढची वळी सुरू होते. काचेतून पाहताना मला वाटले होते की ही साधी तार असावी. मोठी केलेली छायाचित्रे पाहिली तेव्हा कळले की त्या काळच्या कामात तारेचा वरचा काठ बारीक मण्यांच्या ओळीसारखा केलेला असतो. साधी तार प्रकाशाची एकच रेघ परतवते. मणीदार तार शेकडो ठिपके परतवते, आणि दिव्याच्या हलत्या उजेडात ती जिवंत वाटते. चर्चमध्ये तेव्हा मेणबत्त्या होत्या, वीज नव्हती, हे विसरून या कामाचा अंदाज येत नाही.

अशी तार कशी करायची, हे थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या एका साधूने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे. त्याच्या ग्रंथाचा तिसरा भाग धातुकामाचा आहे, आणि त्यात कार्यशाळेच्या खिडक्यांपासून कानशींपर्यंत सगळे येते. मणीदार तारेसाठी त्याने दोन लोखंडी तुकड्यांचे हत्यार सांगितले आहे. खालचा तुकडा घट्ट बसवायचा, वरचा त्यावर नेमका बसतो. दोन्हींमध्ये एकमेकांसमोर खाचा. खाचेत तार ठेवायची, वरून हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि तार सतत फिरवत राहायची. ठोका तार चेपतो आणि फिरवणे तिला गोल ठेवते. दोन्ही मिळून मणी तयार होतात.

हे वाचायला सोपे आहे. लोहाराकडून खाचा करून घेतलेल्या पट्ट्यांवर मी पहिली वीत तार फिरवली तेव्हा मणी न होता चपटी फीत झाली, कारण हात ठोक्यांच्या मागे पडत होता. दुपारनंतर लय जमली. काका बाजूला चहा पीत बसले होते. म्हणाले, ‘‘पोळी लाटताना लाटणं थांबवतोस का? तसंच हे.’’ तारेची जाडी ०.५ मिमी ठेवली आहे. जंतरातून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पट्टीतून, ती सहा वेळा ओढली, आणि दर दोन ओढींनंतर मंद आचेवर तापवून मऊ केली, नाहीतर ती तुटते. आजची कमाई सव्वादोन हात चांगली तार, आणि उजव्या मनगटाला ठणका.

१६ जून

तार पत्र्यावर बसवायला सुरुवात केली. इथेच खरा प्रश्न येतो. नेहमीची झाळ, म्हणजे सांधा जोडणारा लवकर वितळणारा धातू, वापरली तर ती वितळून तारेच्या मण्यांमध्ये शिरते आणि दिवसभराची मेहनत एका क्षणात गुळगुळीत करून टाकते. जुन्या कारागिरांनी यावर जो तोडगा काढला होता, तो रसायनशास्त्र शिकलेल्यालाही आवडेल. तांब्याचा क्षार आणि चिकट असा सेंद्रिय पदार्थ एकत्र कालवून त्या लेपाने तार जागेवर चिकटवायची. आच दिली की चिकट पदार्थ जळून कोळसा होतो, तो कोळसा क्षारातले तांबे मोकळे करतो, आणि ते अत्यल्प तांबे जिथे तार पत्र्याला टेकते तिथेच धातूत मिसळते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सियसला वितळते, पण चांदी आणि तांबे योग्य प्रमाणात मिळाले की ते मिश्रण ७७९ अंशांनाच पातळ होते. सोन्याचेही तसेच, ते १०६४ अंशांना वितळते आणि तांब्याच्या मिश्रणाने सुमारे ९१० पर्यंत खाली येते. म्हणजे सांध्यापुरताच धातू वितळतो, बाकी तार आणि पत्रा तसेच राहतात. वेगळी झाळ नाही, सांध्यावर डाग नाही, आणि मणी जसेच्या तसे.

थिओफिलसच्या ग्रंथात तांबे, लाकडाच्या राखेचा क्षार आणि साबण यांचा असाच प्रयोग सांगितला आहे. मी मलाकाइट या तांब्याच्या खनिजाची पूड आणि बाभळीचा डिंक वापरला. कोळशाची शेगडी, वरून फुंकणी.

पहिल्या तुकड्यावर चांदीचा रंग फिकट गुलाबी होऊन पृष्ठभागावर अचानक एक चमक धावली. ती चमक दिसली की आच काढायची, हे मला कळते. पण मी आणखी दोन श्वास फुंकले, आणि चार वळ्या पत्र्यात बुडाल्या. चूक माझी होती, शेगडीची नव्हे. तुकडा कापून मुशीत टाकला.

दुसरा तुकडा जमला. भिंगाखाली पाहिले तर तार पत्र्यावर ठेवल्यासारखी दिसते, चिकटवल्यासारखी नाही.

१७ जून

तारकामाचे आणखी दोन तुकडे झाले. सांगण्यासारखे काही नाही.

३० जून

पाऊस लागून राहिला आहे, आणि सागवानाने आपला हिसका दाखवला. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तासलेला गाभा आता किंचित फुगला आहे. मी वरच्या बाजूचा पत्रा चिकटवून बसवला होता. तो मधोमध फुगीर झाला आणि बोट ठेवले की टक असा आवाज करतो. लाकूड आडव्या अंगाने जितके हलते तितके उभ्या अंगाने हलत नाही, हे माहीत असूनही मी सुताराचा नियम सोनाराच्या बाकावर विसरलो.

मिरवणुकीचा क्रूस एका जागी राहत नाही. तो थंड दगडी चर्चमधून उन्हात येतो, पावसात सापडतो, पुन्हा आत जातो. म्हणूनच अशा कामात पत्रा लाकडाला बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, धरलेला असतो. चुका लाकडाला थोडी हालचाल करू देतात; सरस किंवा डिंक देत नाही. पत्रा सोडवला, गाभ्याला जवसाचे तेल पाजले, आणि काठाकाठाने चांदीच्या अठरा चुका मारल्या. काका म्हणाले, ‘‘आधी चूक केलीस, आता चुका मारतोयस.’’ हा विनोद त्यांनी आज तीन वेळा केला.

१४ जुलै

आज कोंदणाच्या भिंती उभ्या केल्या. आपल्याकडे कोंदण म्हटले की कुंदनकाम डोळ्यांसमोर येते. तिथे खड्याखाली लाख, भोवती शुद्ध सोन्याच्या पट्टीचे थर, आणि ते थर थंड असतानाच दाबून खड्याला मिठी मारायला लावायचे. आखेनच्या क्रुसातली पद्धत वेगळी आहे. प्रत्येक खड्याच्या आकाराची पट्टी आधी वाकवून तिची टोके जोडायची, मग ती उभी भिंत पत्र्यावर झाळायची, आणि सगळी आच संपल्यावर खडा आत ठेवून भिंतीचा काठ आतल्या बाजूला दाबायचा. भिंत आधी उभी राहते, रहिवासी शेवटी येतो. कुंदनमध्ये रहिवासी आधी बसतो आणि भिंत त्याच्याभोवती बांधली जाते. दोन्ही पद्धतींत खडा विस्तवाच्या तावडीत सापडत नाही.

यातली अडचण अशी की त्या काळी खड्यांना पैलू पाडत नसत. ते घासून गोलाई दिलेले, कुठे अंड्यासारखे, कुठे एका बाजूला चेपलेले असत. जुन्या दागिन्यांतून काढलेले खडेही पुन्हा वापरले जात. याच क्रुसात ग्रीक पुराणातल्या तीन कृपादेवींची प्रतिमा कोरलेला जुना ॲमेथिस्ट आहे, आणि सिंह कोरलेला ऑनिक्सही. साचा करून शंभर बैठका ओतता येत नाहीत. प्रत्येक खडा हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा, त्याची कुरूप बाजू कुठे लपेल ते ठरवायचे, आणि त्याच्याच मापाची भिंत वाकवायची. माझ्याकडच्या तामड्यांमध्ये, म्हणजे गार्नेटच्या लाल खड्यांमध्ये, दोन सारखे निघाले नाहीत. मूळ कामात १०२ वेळा हा निर्णय झाला असेल. दूरून पाहताना जी समप्रमाण मांडणी दिसते, ती अशा असमान खड्यांतून साधलेली आहे. हाताच्या मध्यरेषेवर मोठे खडे, दोन्ही अंगांना लहान. रंगांची पेरणी अशी की तांबड्याशेजारी तांबडा येत नाही. डोळा फसतो आणि खुशीने फसतो.

मधल्या दगडाची बैठक इतरांपेक्षा उंच केली, तीन पट्ट्या एकावर एक झाळून. त्यासाठी पत्रा सहा वेळा आचेवर गेला. आधीच्या सांध्यांवर ओल्या गेरूचा लेप दिला होता, तरीही एक लहान भिंत सरकली. उद्या पुन्हा बघू.

२६ जुलै

पंचगंगेचे पाणी चढले आहे, गुजरीत गिऱ्हाईक नाही. मिळालेला वेळ क्रुसाच्या मागच्या बाजूसाठी दिला.

मागची बाजू पाहिली की वाटते दोन वेगळ्या माणसांनी दोन बाजू केल्या असाव्यात. पुढे इतके वैभव, आणि मागे एकही खडा नाही, फक्त सपाट पत्र्यावर कोरलेली रेषा. क्रुसावरचा ख्रिस्त. डोके उजव्या खांद्याकडे झुकलेले, डोळे मिटलेले, देह भाराने खाली ओढलेला आणि कमरेतून एका बाजूला झुकलेला. हात सरळ ताणलेले नाहीत. देहाचे ओझे त्यांना खाली खेचते आहे. वर आकाशातून देवाचा हात विजयाचे पर्णचक्र धरून आला आहे, आणि त्या चक्रात पवित्र आत्म्याचे कबुतर आहे. हातांच्या दोन टोकांना सूर्य आणि चंद्र, दोघेही शोकात. पायाशी वेटोळे घातलेला सर्प.

कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये गेरो या आर्चबिशपच्या नावाने ओळखला जाणारा दहाव्या शतकातला मोठा लाकडी क्रूस आहे. त्यातही असाच मरण पावलेला, जड झालेला ख्रिस्त दिसतो. त्याआधीच्या चित्रांत तो बहुधा डोळे उघडे ठेवून, विजयी राजासारखा क्रुसावर उभा असे. लोथारच्या क्रुसात या दोन्ही कल्पना पाठीला पाठ लावून आहेत. पुढे रत्नांचा विजय, मागे मृत्यू.

तांब्याच्या पत्र्यावर फक्त झुकलेले डोके आणि उजवा खांदा कोरून पाहिला. कोरणी धातू दाबत नाही, ती धातूची बारीक कुरळी साल काढत पुढे जाते. काढलेली साल परत बसवता येत नाही. खांद्यापासून कोपरापर्यंतची रेषा एका दमात गेली पाहिजे. मध्ये थांबलात तर तिथे गाठ दिसते. मी तीनदा थांबलो, आणि तीन गाठी दिसतात. या कारागिराने पोटाच्या घड्या, बरगड्या आणि धोतरासारख्या वस्त्राच्या चुण्या अशाच एकेका दमात काढल्या आहेत, आणि कुठेही हात अडखळलेला नाही. खड्यांच्या बाजूने मी थक्क झालो होतो. या बाजूने थोडा घाबरलो.

१८ ऑगस्ट

क्रुसाला लोथारचे नाव का, याचे उत्तर खालच्या हाताच्या तळाशी आहे, आणि नमुन्यासाठी खालचा हात निवडण्यामागचे कारणही तेच होते. तिथे स्फटिकाची एक मुद्रा बसवली आहे. त्यावर राजाची एका बाजूने दिसणारी प्रतिमा आणि भोवती लॅटिन अक्षरे आहेत. अर्थ असा की, हे ख्रिस्ता, राजा लोथारला साहाय्य कर. हा लोथार दुसरा, शार्लमेनचा पणतू. त्याची कारकीर्द ८५५ ते ८६९. क्रूस घडवला गेला तेव्हा ही मुद्रा सुमारे १४० वर्षांची जुनी होती. पुढे लोकांनी तिच्यावरचे नाव वाचले, आणि अख्ख्या क्रुसाला ते चिकटले. हा क्रूस ज्याने करवून घेतला तो सम्राट वेगळा, ज्याच्या नावाने ओळखला जातो तो राजा वेगळा, आणि मध्यभागी बसलेला तिसराच. ज्याने तो घडवला त्याचे नाव कुठेच नाही.

आयर्लंडचा काँगचा क्रूस याला अपवाद आहे, म्हणून इथे त्याची आठवण ठेवतो. ११२३ च्या सुमारास राजा टर्लो ओ’कॉनर याच्यासाठी तो घडवला गेला, ख्रिस्ताच्या मूळ क्रुसाच्या लाकडाचा अंश सांभाळण्यासाठी. तोही ओकच्या गाभ्याचा मिरवणुकीचाच क्रूस आहे, ७६ सेंमी उंच. मध्यभागी स्फटिक, अंगावर एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांची नक्षी. त्याच्या काठावरच्या लेखात राजा आणि धर्मगुरू यांच्याबरोबर घडवणाऱ्या मेल ईसू या कारागिरासाठीही प्रार्थना करावी, असे कोरले आहे. तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजाच्या शेजारी कारागिराचे नाव प्रार्थनेत आलेले मला फार आवडले. आमच्याकडे दागिन्यावर पेढीचा शिक्का असतो, घडवणाऱ्याचा नाही.

माझ्या नमुन्यात मुद्रेच्या जागी साधा गोलाई दिलेला स्फटिक बसवणार आहे. खोटी अक्षरे कोरण्यात अर्थ नाही.

२ सप्टेंबर

गणपती पाच दिवसांवर आले. चांदीच्या दुर्वा, केवडा, मोदक, गौरीचे मुखवटे आणि दागिने. क्रूस कपाटात.

२२ सप्टेंबर

सगळी आच संपली. मुलामा विजेवर चढवून आणला. पाऱ्याच्या मुलाम्याचा धूर मी माणसांच्या फुप्फुसात घालणार नाही, जुन्या पद्धतीचा कितीही आग्रह असला तरी. आजपासून पुढचे काम थंड हाताने, दाबून, ओपणीने, म्हणजे घासून चमक देणाऱ्या गुळगुळीत हत्याराने.

लहान तामडे, नीलमसारखे दिसणारे दोन खडे आणि स्फटिक दुपारपर्यंत बसले. भिंतीचा काठ एकदम दाबायचा नसतो. उत्तरेला थोडा, दक्षिणेला थोडा, पूर्वेला, पश्चिमेला, मग मधल्या दिशांना, अशी फेरी घ्यायची. एकाच बाजूने दाबला तर खडा उलट्या बाजूने उठतो आणि भिंतीला सुरकुती पडते. शेवटी ओपणी काठावरून गोल फिरवली की सुरकुत्या जिरतात आणि खड्याभोवती एक सोनेरी रेघ उरते.

मग वडिलांचा दगड. अशा दगडात थरांच्या सीमेवर नाजूक जागा असते आणि चुकीच्या बाजूने दाब पडला तर टवका उडतो. आखेनच्या माणसासमोर हजार वर्षांचा, दुसरा न मिळणारा ऑगस्टस होता. माझ्यासमोर फक्त एक बिनकोरलेला दगड होता, तरीही काठ दाबताना मी श्वास रोखला होता. त्याला सराव करायला दुसरा ऑगस्टस मिळाला नसणार. आधी बैठक, मग इतर सगळी मांडणी, आणि रत्न सर्वांत शेवटी. या कामाचा क्रम त्या एका दगडाच्या भीतीतून ठरला असावा, असे मला आज वाटले. दगड बसला. टवका उडाला नाही.

मोत्यांसाठी भिंत नाही. ते विंधून आरपार तार घालायची, मागे पत्र्याच्या छिद्रातून ती तार काढून पसरवायची. नथीचे मोती तारेत गुंफणाऱ्या दुकानातल्या मुलाने हे काम माझ्याहून वेगाने केले. एक मोती मात्र विंधताना फुटला, कारण गिरमिटाचे टोक बोथट होते.

२९ सप्टेंबर

काकांनी तरुणपणी गोव्याजवळच्या एका गावात चर्चमधल्या चांदीच्या क्रुसाची डागडुजी केली होती. आज त्यांनी सांगितले की तो क्रूस तुटला नव्हता, सैल झाला होता. वर्षानुवर्षे काठीवर हेलकावे खाऊन काठी जिथे आत जाते ती नळी आतून झिजली होती आणि क्रूस एका बाजूला कलत होता. ‘‘मिरवणुकीचा देव डोलतो, अरे. सांधा त्या डोलण्यासाठी कर, उभं राहण्यासाठी नको.’’ आखेनचा क्रूस आता चौदाव्या शतकातल्या गॉथिक बैठकीवर उभा असतो, पण मूळ काम काठीवर चालण्याचेच होते.

म्हणून खालच्या टोकाला दीड इंच खोल नळी बसवली, आत लाकडाची पाचर आणि बाहेरून आडवी खीळ. दुकानातल्या पडद्याची काठी काढली, नमुना तिच्यावर चढवला, आणि काकांनी तो हातात धरून दुकानाच्या दारापासून मागच्या शेगडीपर्यंत चार फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत काही ऐकू आले नाही. तिसऱ्या फेरीत पाऊल जोरात पडले तेव्हा बारीक खुळखुळ झाली. खाली घेऊन भिंगाने पाहिले. खालच्या हाताच्या डाव्या बाजूचा तिसरा तामडा बैठकीत किंचित हलतो आहे. भिंतीचा काठ एका ठिकाणी कमी दाबला गेला होता, आणि मुलाम्याने ती फट झाकली होती.

तिथे मेणाचा ठिपका लावून ठेवला आहे. उद्या सकाळी काठ पुन्हा दाबायचा, आणि मग काकांना आणखी दहा फेऱ्या मारायला सांगायचे.